आंब्यावरचं हिरवं सगळंच बांडगूळ नसतं! बारमाही हिरवं रानफूल ‘बांदा’ ओळखायचं कसं?

हिंगोली : आंबा उतरला, पहिला पाऊस पडला की धुऱ्यावरच्या जुन्या झाडांची छाटणी सुरू होते. वाळक्या फांद्या निघतात आणि त्यांच्यासोबत फांदीवर, खोडावर उगवलेलं जे काही परकं हिरवं दिसेल तेही ‘बांडगूळ’ म्हणून खाली येतं. गफलत होते ती इथंच. झाडाचा रस पिणारं बांडगूळ काढायलाच हवं. पण त्याच झाडावर वाढणारी दुसरी एक वनस्पती झाडाकडून थेंबभरही रस घेत नाही. ती आहे आपल्या भागातली ऑर्किड. तिला बांदा म्हणतात, रास्ना म्हणूनही ओळखतात, आणि शास्त्रीय पुस्तकात तिचं नाव ‘वांडा टेसेलाटा’ असं आहे. ऑर्किडला मराठीत ‘आमरी’ असाही शब्द आहे, पण गावात तो फारसा कानावर येत नाही.

ऑर्किड म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते लग्नाच्या स्टेजवर लावलेलं जांभळं, महागाचं फूल. तसलं काही मराठवाड्यातल्या कोरड्या रानात कुठून येणार, असं वाटणं साहजिक आहे. ऑर्किडच्या बहुतेक जाती पावसाच्या, दमट हवेच्या प्रदेशातल्या, हेही खरं. सह्याद्रीत त्यांची गर्दी आहे, पूर्वेकडे सरकावं तशी ती विरळ होत जाते. बांदा मात्र उन्हाला सरावलेली जात आहे. मराठवाडा-विदर्भातल्या साग, मोह, धावडा, पळस असल्या पानगळी रानांत ती तग धरते. भारतभर आणि नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, म्यानमारपर्यंत तिचा पसारा आहे. ती कुणी बाहेरून आणून लावलेली नाही, इथलीच आहे.

उन्हाळ्यात शोधणं सोपं

हिंगोली जिल्ह्यातलं जंगल सलग नाही. औंढा नागनाथ, कळमनुरी, सेनगाव या तालुक्यांच्या डोंगरउतारांवर त्याचे तुकडे आहेत. वसमतकडे कालव्याच्या पाण्यावरचा बागायती पट्टा, तिथं झाडं उरली ती धुऱ्यावर, ओढ्याकाठी आणि देवाच्या नावानं राखलेली. बांदा बघायचा तर अशाच जुन्या, खडबडीत सालीच्या झाडांवर नजर टाकावी. आंबा, मोह, जांभूळ, बाभूळ, पळस अशा झाडांवर तो वाढतो. कोवळ्या, गुळगुळीत सालीच्या झाडावर तो सहसा टिकत नाही, कारण त्याच्या धुळीएवढ्या बिया अडकायला सालीत भेगा लागतात.

शोधायला चांगला महिना म्हणजे चैत्र-वैशाख. पारा ४२ च्या पुढं गेलेला असतो, सागाची पानं खाली पडून कुरकुरत असतात, सालई, पळस, मोह उघडे झालेले असतात. अशा उघड्या फांदीवर हिरवा झुबका दिसला की तो दोनपैकी एक असतो, बांडगूळ किंवा बांदा. दोन्ही बारमाही हिरव्या, आणि लोक दोघांना एक समजतात त्याचं मूळ कारणही हेच. आंब्यावर काम थोडं अवघड जातं. आंबा स्वतःच बारा महिने हिरवा, त्यामुळे बाहेरून बघून काही कळत नाही. झाडाच्या बुंध्याशी उभं राहून आतून वर बघावं लागतं. बांडगूळ उजेडाच्या मागं शेंड्याकडं पसरतं. बांदा बऱ्याचदा खोडाच्या दुबेळक्यात, जाड फांदीच्या पाठीवर असतो.

मुळांवरून पक्की ओळख

फूल नसतानाही चुकू नये अशी खूण म्हणजे मुळं. बांद्याची मुळं उघड्यावर असतात. पांढुरकी-राखाडी, गुबगुबीत, साधारण पेन्सिलीच्या जाडीची किंवा थोडी बारीक. काही सालीला घट्ट चिकटून लांबवर गेलेली, काही नुसती हवेत लोंबकळणारी. वाढत्या मुळाचं टोक हिरवं किंवा तांबूस असतं. ही मुळं सालीवर बसतात, सालीच्या आत शिरत नाहीत. झाड त्यांना फक्त बसायची जागा देतं.

एक सोपी परीक्षा घरबसल्या करता येते. बाटलीतलं थोडं पाणी कोरड्या मुळावर शिंपडावं. पांढरं मूळ बघता बघता हिरवट होतं. मुळाभोवती मेलेल्या पेशींचा स्पंजासारखा थर असतो. कोरडा असताना तो पांढरा दिसतो, पाणी प्यायला की पारदर्शक होतो आणि आतला हिरवा रंग बाहेर दिसू लागतो. पावसाची सर आली की हाच थर पाणी टिपून घेतो, सालीवरून ओघळणाऱ्या पाण्यातली धूळ, कुजलेला पाला, पाखरांची विष्ठा यांतलं खतही घेतो. बांद्याची सगळी शेती एवढ्यावर चालते. मुलांना दाखवायला याहून चांगला प्रयोग नाही, आणि त्याला खर्चही काही नाही.

बांडगुळाची गोष्ट वेगळी. त्याची मूळ-गाठ फांदीच्या आत घुसलेली असते. जिथं ते फांदीला धरतं तिथं फांदी सुजल्यासारखी, गाठाळ होते. बांडगुळाचे काही धुमारेही सालीवरून सरपटतात, त्यामुळे घाईत बघणाऱ्याला तेही मुळासारखे वाटू शकतात. पण ते तपकिरी, लाकडी असतात आणि जागोजागी फांदीत रुतलेले असतात. पाणी टाकलं तरी रंग बदलत नाही. आणखी एक बघायचं ते गाठीच्या पुढची फांदी. बांडगुळाच्या पुढं फांदी बारीक होते, पानं कमी होतात, काही वर्षांत वाळते. बांद्याच्या पुढं ती होती तशीच राहते.

पानं आणि खोड

बांद्याला लाकडी फांद्या नसतात. एकच जाडसर खोड, साधारण एक ते दोन फूट, आणि त्याच्या दोन बाजूंना रांगेत लागलेली पट्टीसारखी पानं. पान लांबीला वीतभर, रुंदीला बोटभर, चामड्यासारखं जाड. मधोमध घडी पडलेली असते, त्यामुळे आडवं धरलं तर पन्हाळीसारखं दिसतं. मुख्य खूण टोकाशी आहे. पानाचं टोक निमुळतं नसतं, उंदरानं कुरतडल्यासारखं वाकडं-तिकडं, दोन-तीन दातांचं असतं. किडीनं खाल्लंय असं समजून सोडून देऊ नये. वरपासून खालपर्यंतच्या सगळ्या पानांची टोकं अशीच निघाली तर ती जातीची खूण.

बांडगुळाची पानं रुंद, लांबट-अंडाकृती, जाड आणि निळसर-राखी झाक असलेली. मधली शीर कित्येकदा लालसर. त्याला झुडपासारख्या लाकडी फांद्या फुटतात आणि हा झुबका कधीकधी माणसाच्या मिठीत मावणार नाही एवढा मोठा होतो.

झाडावर आणखी दोन परकी मंडळी दिसतात. अमरवेल ओळखायला कुणाला सांगावं लागत नाही, पानं नसलेली पिवळी दोऱ्यांची जाळी. दुसरी म्हणजे पाखरांनी टाकलेल्या बीपासून दुबेळक्यात उगवलेलं वडाचं किंवा पिंपळाचं रोप. ते रस पीत नाही, पण मुळं खाली सोडून पुढं झाडाला आवळतं. त्याचं पान सगळ्यांच्या ओळखीचं असल्यानं घोटाळा होत नाही.

फूल : चौकड्याच्या कापडाचं

उन्हाळ्याच्या अखेरीला आणि पावसाळ्याच्या तोंडावर पानांच्या बगलेतून एक दांडी निघते, वीतभर किंवा थोडी जास्त. तिच्यावर पाच-सहापासून दहा-बारापर्यंत फुलं लागतात. एक फूल दीड-दोन इंचाचं. पाच पाकळ्या, कडा थोड्या नागमोडी. पाकळ्यांचा रंग पिवळसर-हिरवा किंवा राखाडी, त्यावर तपकिरी रेघांची बारीक चौकट, जणू चौकड्याच्या लुगड्याचा तुकडा. पाकळी उलटून पाहिली तर पाठ पांढरी. शास्त्रीय नावातला ‘टेसेलाटा’ हा लॅटिन शब्दही हेच सांगतो, लहान चौकोनी फरशा बसवल्यासारखं.

पाच पाकळ्यांच्या मध्ये खाली जिभेसारखा एक वेगळा भाग असतो आणि तो निळा-जांभळा असतो. या जिभेमुळे फूल लांबूनही लक्षात राहतं. रंगाच्या बाबतीत मात्र एकाच फोटोवर विसंबू नये. कुठं पाकळ्या जास्त पिवळ्या, कुठं गडद तपकिरी, कुठं जीभ निळी तर कुठं गुलाबी-जांभळी. चौकडा, पांढरी पाठ आणि वेगळ्या रंगाची जीभ या तीन गोष्टी जुळल्या की पुरे. फुलाला वास येतो, गोडसर. फूल एका दिवसात मान टाकत नाही, बरेच दिवस टिकतं.

बांडगुळाचं फूल याच्याशी कुठंच जुळत नाही. ते लांब, वाकड्या नळीसारखं, नारिंगी-लालसर, टोकाशी हिरवट, आणि झुपक्यानं येतं. फळ बोराहून लहान, आत चिकट गर. फुलटोच्या नावाचा चिमणीपेक्षाही लहान पक्षी हे फळ खातो, बी चिकट असल्यानं ती त्याच्या शेपटीपाशी अडकते, मग तो फांदीवर अंग घासून ती पुसतो. बी फांदीला चिकटते आणि तिथंच रुजते. बांडगूळ एका झाडावरून शेजारच्या झाडावर जातं ते असं.

बांद्याचं फळ म्हणजे कडा असलेली, गदेसारखी शेंग, दोन-तीन इंच लांब. सगळ्या फुलांना ती धरत नाही. पिकायला महिने लागतात, मग ती उभी चिरते आणि आतून पिवळसर पीठ उडतं. ते पीठ म्हणजेच बिया. एका शेंगेत हजारोंनी असतात, पण बीच्या आत रोपाला पुरेल असं अन्न नसतं. ज्वारीच्या दाण्यात कोंबाची शिदोरी असते, तशी इथं नाही. सालीच्या भेगेत एका विशिष्ट बुरशीशी गाठ पडली तरच बी रुजते, बुरशीच तिला सुरुवातीला खाऊ घालते. त्यामुळे लाख बिया उडल्या तरी रोपं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. तिथून पहिलं फूल यायला आणखी कित्येक वर्षं. कोयत्याच्या एका घावात जाणारा बांदा परत उभा राहायला किती काळ लागेल याचा अंदाज यावरून करावा.

चूक नावातच आहे

गावातल्या लोकांनी दोघांना एक समजलं तर त्यांना दोष देता येत नाही. काही भागात ऑर्किडलाही बांदा म्हणतात आणि बांडगुळालाही. ही गल्लत फार जुनी आहे. अमरकोशात ‘वन्दा’ या शब्दाला जे पर्याय दिलेत त्यांत ‘वृक्षादनी’ म्हणजे झाडाला खाणारी, आणि ‘वृक्षरुहा’ म्हणजे झाडावर उगवणारी, असे दोन्ही शब्द शेजारी-शेजारी आहेत. झाडावर उगवणं वेगळं, झाड खाणं वेगळं, पण कोशात दोन्ही एकाच नावाखाली गेलं.

पुढं कलकत्त्यात न्यायाधीश असलेले आणि संस्कृतचे अभ्यासक सर विल्यम जोन्स यांनी या ऑर्किडचं वर्णन करताना तोच शब्द उचलला. ते १७९५ साली छापून आलं. त्याच वर्षी विल्यम रॉक्सबर्ग यांनीही कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींवरच्या आपल्या ग्रंथात या फुलाला ‘टेसेलाटम’ हे नाव दिलं. १८२० मध्ये रॉबर्ट ब्राऊन यांनी ‘वांडा’ हे प्रजातिनाम शास्त्रात रूढ केलं ते याच जातीच्या आधारानं. आज जगभरच्या फुलबाजारात ‘वांडा’ या नावानं महागडी ऑर्किड विकली जातात. सिंगापूरनं १९८१ मध्ये राष्ट्रीय फूल निवडलं तेही ‘वांडा मिस जोकिम’ नावाचं संकरित ऑर्किड. नंतर शास्त्रज्ञांनी त्याला दुसऱ्या प्रजातीत टाकलं, पण लोकांच्या तोंडी वांडाच राहिलं. म्हणजे बांडगुळासाठी असलेला आपल्याकडचा शब्द जगभर फिरतोय आणि तो चिकटलाय तो अशा वनस्पतीला जी बांडगूळ नाहीच. फुकट खाणाऱ्याला गावात बांडगूळ म्हणतात. बांदा उन्हातान्हात स्वतःचं स्वतः कमावून खातो. दिवसा पानांची तोंडं मिटून घेतो, रात्री गारव्यात उघडून हवा घेतो, म्हणजे पाणी वाया जात नाही. मे महिन्यातही तो हिरवा राहतो त्याचं गुपित एवढंच.

रास्ना म्हणून औषध? थोडं थांबा

बांद्याला दुसरा धोका आहे तो औषधाच्या नावाचा. आयुर्वेदात रास्ना हे वातावरचं नावाजलेलं औषध. महारास्नादि काढा अनेक घरांत असतो. पण रास्ना म्हणून कुठली वनस्पती घ्यायची यावर प्रांतोप्रांती वेगवेगळा रिवाज आहे. बंगालकडे बांद्याची मुळं रास्ना म्हणून वापरात आली, केरळात कुलिंजनाच्या जातीतली वनस्पती वापरतात, आणि उत्तरेकडे ‘प्लुचिया लॅन्सिओलाटा’ नावाचं जमिनीवरचं झुडूप. भारत सरकारच्या आयुर्वेदिक औषधसंहितेत रास्ना म्हणून नोंद आहे ती या झुडपाची. म्हणजे आंब्यावरचा बांदा ओरबाडून आणून घरी काढा केला, तर तो बाटलीवर लिहिलेलाच काढा होईल असं नाही.

पानांचा रस कानात टाकायची पद्धतही काही ठिकाणी आहे. हे करू नये. कान दुखतोय तो कशानं हे घरी कळत नाही. पडद्याला भोक असेल तर असला रस आत जाऊन दुखणं वाढतं, लहान मुलांच्या बाबतीत तर जास्तच. प्राथमिक आरोग्य केंद्रात कान दाखवून घ्यावा.

मोबाइलवर ‘अमक्या झाडाचा बांदा तिजोरीत ठेवा, पैसा टिकतो’ अशा जाहिरातीही फिरतात. तिथं विकतात त्या वाळक्या काड्या, बऱ्याचदा साध्या बांडगुळाच्या. पैसा टिकतो तो विकणाऱ्याचा.

कुणी किलोच्या भावानं बांदा गोळा करून मागायला आलंच तर दोन गोष्टी माहीत असाव्यात. राखीव जंगलातून परवानगीशिवाय वनस्पती काढून आणणं भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. आणि ऑर्किडचं सगळं कुळच ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असल्यानं त्यांच्या परदेशी व्यापारावर निर्बंध आहेत. खरेदीदार निघून जातो, पोत्यासह सापडतो तो गोळा करणारा.

बांडगूळ काढायचं कसं

ओळख पटल्यावर बांडगुळाला मात्र हयगय करू नये. नुसती पानं-फांद्या ओढून काढल्या तर गाठीतून पुन्हा फुटतात. गाठीच्या खाली, म्हणजे बुंध्याच्या बाजूला, निरोग्या लाकडात फूटभर अंतरावर फांदी कापावी आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावावी. फळं पिकायच्या आत हे काम झालं तर बी पसरत नाही. गाठ मुख्य खोडावरच असेल तर फांदीसारखी कापता येत नाही. तिथं दरवर्षी नवे फुटवे छाटत राहणं आणि कृषी विभागाचा सल्ला घेणं बरं. बांडगुळावर तणनाशक मारायचे सल्ले फिरत असतात. झाडाला आणि वरच्या बांद्यालाही त्यानं इजा होऊ शकते.

हे झालं शेतातल्या फळझाडांचं. जंगलातलं बांडगूळ जंगलाच्या हिशेबातलं आहे, तिथं कोयता घेऊन जायची गरज नाही. त्याच्या फुलांवर शिंजीर येतात, आणि पिवळ्या-लाल ठिपक्यांचं ‘हळदीकुंकू’ फुलपाखरू आपली अंडी बांडगुळाच्याच पानांवर घालतं.

फोटो काढताना

ओळख पटवण्यासाठी एकच लांबून काढलेला फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला की दहा जण दहा नावं सांगतात. पाच फोटो काढावेत. एक अख्ख्या झाडाचा, एक मुळं सालीवर बसलेली जागा जवळून, एक पानाच्या टोकाचा आणि फूल असेल तर एक समोरून, एक पाकळीच्या पाठीचा. फूल उंचावर असेल तर दांडी तोडून खाली आणण्यापेक्षा झूम केलेला, थोडा धूसर फोटो चालतो. फोन हलतो म्हणून हात खोडाला टेकवावा. फोटोवरून नाव सांगणारी अॅप फूल नसताना वाट्टेल ते सांगतात, त्यांच्या उत्तरावर कोयता चालवू नये. आयनॅचरलिस्टसारख्या ठिकाणी फोटो टाकले तर जाणकार माणसं तपासून नाव पक्कं करतात. तिथं नेमकं ठिकाण झाकून ठेवायची सोय आहे, ती वापरावी.

गावात अशी झाडं असतील तर त्यांची नोंद करायला जागा आहे. जैवविविधता कायदा, २००२ नुसार ग्रामपंचायत पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिनं लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. ग्रामपंचायतीत चौकशी करून त्या वहीत झाडाचं नाव, गट नंबर, फुलायचा महिना एवढं लिहून घेतलं तरी पुढं रस्ता रुंदीकरणात किंवा धुरे मोकळे करताना त्या झाडाचा विषय निघाला तर दाखवायला कागद राहतो.

झाड पडलंच तर

वादळानं मोह उन्मळला, आखाड्यासमोरचा म्हातारा आंबा कोसळला, तर त्यावरचा बांदा वाचवता येतो. खाली पडून तो काही दिवस हिरवा दिसतो, पण सावलीत, मातीला टेकून राहिला की मुळं कुजतात. आपल्या शेतातल्या पडलेल्या झाडावरचा असेल तर तो हलवावा. उभ्या झाडावरून मात्र हौसेनं काढू नये.

मुळं ओढून सोडवायला गेलं की तुटतात. म्हणून शक्य असेल तर सालीच्या तुकड्यासकट काढावा. दुसरं झाड निवडताना साल खडबडीत आणि टिकणारी बघावी. आंबा, मोह चांगले. पेरू, अर्जुन, निलगिरी यांची साल सुटत राहते, तिथं बांधलेला बांदा सालीसोबत खाली येतो. सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारचं लागणार नाही अशी पूर्वेची बाजू, जमिनीपासून शेळीच्या तोंडाच्या वर. सुतळीनं किंवा जुन्या सुती धोतराच्या चिंधीनं बांधावा. तार वापरू नये, ती उन्हात तापते आणि खोडात रुतते. सुतळी वर्षा-दोन वर्षांत कुजून आपोआप पडते, तोवर मुळांनी साल धरलेली असते. शेंडा थोडा बाहेर कलता ठेवावा म्हणजे पानांच्या बेचक्यात पाणी साचत नाही.

माती, शेणखत, युरिया काहीही नको. कुंडीत तर अजिबात लावू नये, मुळांना हवा लागते आणि मातीत ती गुदमरतात. पावसानं उघडीप दिली तर दोन-तीन दिवसांआड मुळांवर पाणी शिंपडावं, तेही सकाळी. सुरुवातीला खालची एक-दोन पानं पिवळी पडून गळतील, घाबरायचं कारण नाही. मुळांच्या टोकांना हिरवा कोंब दिसला की तो जगला असं समजावं. फुलाची घाई मात्र करू नये, पहिल्या पावसाळ्यात बहुधा येत नाही.